घास आणि शब्द
(वनक्षेत्रातील बालकांच्या आहार व वाचाविषयक अडचणी या विषयावरील व्याख्यानाचा संपादित भाग)

गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांमध्ये १९९५ साली काही स्त्रियांना एक आगळी विद्या शिकविण्यात आली. या स्त्रिया पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या आणि त्याच गावात नांदणाऱ्या होत्या. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने त्यांना 'आरोग्यदूत' हे नाव दिले. बाळंतिणीच्या खोलीत जायचे, बाळाचे वजन करायचे, अंगाची ऊब मोजायची, श्वास मोजायचा आणि बाळाला जंतुदोष झाला आहे की नाही हे ठरवायचे, असे ते काम होते. प्रयोगशाळा नाही, रक्ततपासणी नाही, क्ष-किरण यंत्र नाही. हाती होती ती लक्षणांची एक छोटी यादी. त्या यादीतील दोन लक्षणे एकाच वेळी दिसली की दोष आहे असे मानावे आणि आई-वडिलांच्या संमतीने उपचार सुरू करावेत, असा नियम होता.

त्या यादीत दोन ओळी अशा आहेत की, त्यांच्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण झाले किंवा थांबले, ही एक. आधी नीट चोखणाऱ्या बाळाचे चोखणे मंदावले किंवा थांबले, ही दुसरी. चोखणे हा मनुष्याचा पहिला आहार-व्यवहार आणि रडणे हा त्याचा पहिला संवाद. बाळाच्या प्राणावर बेतते तेव्हा तो वृत्तान्त या दोन वाटांनी सर्वांत आधी बाहेर येतो. या दोन्ही ओळींतला 'आधी' हा शब्दही महत्त्वाचा आहे. बाळ काल कसे चोखत होते हे ज्याने पाहिले नाही, त्याला ते आज मंदावले आहे हे कळणार कसे? शंभर किलोमीटरवरच्या तज्ज्ञाकडे हे ज्ञान असू शकत नाही. ते आईकडे असते, आजीकडे असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येऊन गेलेल्या आरोग्यदूत स्त्रीकडे असते.

प्रयोगाआधीची स्थिती काय होती? १९९५–९६ मध्ये या गावांतील ७६३ नवजात बालकांचे निरीक्षण झाले. त्यांपैकी ५४ टक्के बालकांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. ते मिळाले अवघ्या २.६ टक्क्यांना. पुढे घरोघरी नवजात बालसेवा सुरू झाली आणि तिसऱ्या वर्षाअखेर या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ वरून २५.५ वर आले. शेजारच्या ज्या गावांत ही सेवा नव्हती, तेथे ते जवळपास होते तिथेच राहिले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने डिसेंबर १९९९ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि २०११ पासून हीच पद्धती 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली. हा सारा इतिहास अनेकांना ठाऊक आहे. आज त्याची उजळणी करण्याचे कारण वेगळे आहे. जी बाळे वाचली, त्यांच्यातील काहींच्या पुढच्या वाटचालीविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. जन्मतः गुदमरलेले, अतिशय कमी वजनाचे, तीव्र काविळीतून किंवा मेंदूज्वरातून उठलेले मूल जगते. परंतु दोन वर्षांचे झाले तरी त्याला घास चावता येत नाही आणि 'आई' म्हणता येत नाही. अशा मुलासाठी काय करायचे, हा आजचा विषय आहे.

प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे काय, हे प्रथम पाहू. निखाऱ्याला बोट लागताच हात आपोआप मागे येतो, हे शाळेच्या पुस्तकातले उदाहरण सर्वांना ठाऊक असते. नवजात बालकाकडे अशा क्रियांची एक पूर्ण शिदोरीच असते. त्याच्या गालाला बोट लावले की ते त्या बाजूला मान वळवून तोंड उघडते. ओठांना स्तनाग्र लागले की चोखू लागते. तळव्यावर बोट ठेवले की मूठ घट्ट आवळते. मान एका बाजूस वळविली की त्या बाजूचा हात ताणला जातो आणि दुसऱ्या बाजूचा दुमडतो. यातले काहीही त्याला कोणी शिकविलेले नसते. गिळणे तर गर्भाशयातच सुरू झालेले असते. मात्र चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्हींचा मेळ साधारणपणे गर्भावस्थेच्या चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमतो. म्हणूनच त्याआधी जन्मलेल्या बाळाला छातीशी लावले तरी ते दमते, अडखळते आणि कधी निळे पडते. अशा बाळाला आईचे दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे लागते. आपल्या आजीच्या फडताळातले ते जुने बोंडले निरुपयोगी नव्हते. फक्त बाळाला आडवे टाकून त्याने दूध ओतायचे नसते, डोके उंच धरून ओठाशी टेकवायचे आणि बाळाने घेतले तेवढेच द्यायचे असते.

या क्रिया येतात तशा जातातही, आणि त्यांचे जाणे येण्याइतकेच महत्त्वाचे असते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर काही घट्ट पदार्थ ठेवला की ते जीभ पुढे ढकलून तो बाहेर टाकते. ही त्याची संरक्षक व्यवस्था आहे. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ती ओसरते आणि मूल वरचे अन्न घेण्यास तयार होते. आपल्याकडे सहाव्या महिन्यात उष्टावण करण्याची, अन्नप्राशन संस्काराची परंपरा आहे. पिढ्यान् पिढ्यांच्या स्त्रियांनी मुलांना भरविताना केलेल्या निरीक्षणाचे ते फळ असावे. मात्र त्यावर प्राचीन मज्जाशास्त्राचा मनोरा उभारण्याचे काही कारण नाही. मेंदूचे वरचे मजले बांधले जात असताना खालच्या मजल्यावरील या आपोआपच्या क्रिया मागे सरतात आणि त्यांची जागा मुलाच्या इच्छेने होणाऱ्या हालचाली घेतात, इतके समजले तरी पुरे.

आता मेंदूला इजा झालेली असेल तर काय घडते? जी क्रिया हवी ती क्षीण असते आणि जी ओसरायला हवी ती ठाण मांडून बसते. मूल वर्षाचे झाले तरी चमचा दाताला लागताच जबडा कडकन मिटतो. जीभ घास आत नेण्याऐवजी बाहेर ढकलते. मान वळली की हात ताणला जातो, त्यामुळे स्वतःच्या हाताने तोंडापर्यंत घास नेता येत नाही. लाळ गळते. पाणी पिताना ठसका लागतो. याच अवस्थेला मेंदूचा पक्षाघात किंवा सेरेब्रल पाल्सी म्हणतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या वनपट्ट्यात त्याची कारणे जगात इतरत्र असतात तीच आहेत. त्यांत आणखी एकाची भर पडते. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्हा वाहतो. मेंदूपर्यंत गेलेल्या हिवतापातून बरे झालेल्या मुलांपैकी काहींच्या वाचेवर आणि भाषेवर कायमचा परिणाम राहतो, हे आफ्रिकेत केनियातील किलिफी येथे झालेल्या दीर्घ अभ्यासांतून दिसून आले आहे. ताप उतरला, मूल घरी आले, सगळ्यांना हायसे वाटले. आणि मग दोन महिन्यांनी कोणाच्या तरी लक्षात येते की, पूर्वी येत असलेले शब्दही गेले आहेत.

या मुलांची सरकारी दप्तरात नोंद होते ती बहुधा वेगळ्याच रकान्यात. अंगणवाडीताई दंडाचा घेर मोजते. तो साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरतो आणि मूल 'तीव्र कुपोषित' म्हणून लिहिले जाते. नोंद खोटी नसते. मग त्याला अधिकचा आहार मिळतो, आईला समज दिली जाते की नीट भरवा. आई गप्प राहते. ती दिवसाचे तीन-तीन तास त्या मुलाला भरवीतच असते! अन्न कमी पडलेले नसते, ते आत जात नसते. जे जाते त्यातले काही अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि मुलाला वरचेवर न्यूमोनिया होतो. कुपोषणाच्या यादीतील किती मुले प्रत्यक्षात गिळण्याच्या अडचणीची आहेत, हा प्रश्न वस्तीवर जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने मनात ठेवावा. वाढीव आहाराचा डबा त्या घरात पोहोचविणे हे अर्धेच काम आहे.

इथे दुसरा एक वर्ग समोर येतो. नागपूर, पुणे, मुंबईतील सुशिक्षित घरांत असे मूल असते तेव्हा आई-वडील माहिती शोधतात, आणि शोधता शोधता त्यांना प्रतिक्षिप्त क्रियांवर आधारलेल्या सघन उपचारांची नावे सापडतात. या पद्धतींचा इतिहास लहान नाही. झेक मज्जाविकारतज्ज्ञ वात्स्लाव वॉयटा यांनी शरीरावरील ठरावीक बिंदूंवर दाब देऊन हालचालींचे मूळ साचे जागविण्याची पद्धत मांडली. ती आई-वडिलांनी दिवसातून अनेकदा करावयाची असते. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने नको असलेल्या प्रतिक्षिप्त क्रिया आवरून योग्य हालचालींना वाट देण्याचा विचार रुजविला. अर्जेंटिनाचे कास्टियो मोरालेस यांनी चेहरा, ओठ आणि जीभ यांवर लक्ष केंद्रित केले. रशियन मानसतज्ज्ञ स्वेतलाना मासगुतोवा यांच्या पद्धतीत काही दिवसांची सलग शिबिरे असतात आणि त्यांत हात, पाय, चेहरा, तोंड यांवर विशिष्ट स्पर्श व दाब देऊन जन्मजात क्रियांची 'पुनर्बांधणी' केली जाते. अमेरिकेतील डोमन-डेलाकॅटो पद्धतीत तर मुलाचे हातपाय चार-पाच माणसांनी मिळून ठरावीक लयीत, दिवसातून कित्येक वेळा हलवावयाचे असत.

या सर्वांमागील तर्क मोहक आहे. चोखणे आणि चावणे ज्या अवयवांनी होते, त्याच अवयवांनी बोलणेही होते. आपल्या वर्णमालेची रचनाच पाहा : कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ, अशा मुखातील स्थानांनुसार तिची मांडणी झाली आहे. 'प'ला ओठ मिटावे लागतात, 'त'ला जीभ दाताला टेकवावी लागते. मग ज्याचे ओठ मिटत नाहीत त्याचे ओठ चोळले, जीभ उचलायला लावली, चोखण्याची क्रिया पुन्हा जागविली, तर शब्द फुटणार नाही का?

तर्क मोहक असला तरी निसर्ग त्याप्रमाणे चालत नाही. लहान मुलांच्या जबड्याच्या स्नायूंचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की, चावताना ते स्नायू ज्या मेळाने काम करतात, त्याहून बडबडताना त्यांचा मेळ वेगळा असतो. अवयव तेच, परंतु मेंदू त्यांना निराळ्या आज्ञा देतो. म्हणूनच उत्तम चावणारे, उत्तम गिळणारे मूल मुके असू शकते. कर्णबधिर मुलाच्या जिभेत काय दोष असतो? काहीच नाही, शब्द कानावर पडत नाही म्हणून तो ओठांवर येत नाही. शब्द न उच्चारता केलेल्या तोंडाच्या व्यायामांनी बोलणे सुधारते, याला पुरेसा पुरावा नाही, असे वाचा-उपचारांच्या क्षेत्रातील पद्धतशीर आढाव्यांनी नोंदविले आहे. डोमन-डेलाकॅटो पद्धतीविषयी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये स्पष्ट प्रतिकूल मत दिले. ऑस्ट्रेलियातील इओना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या पक्षाघातावरील शेकडो अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये आणि पुढे २०२० मध्ये आढावा घेतला. त्यात वॉयटा आणि बोबाथ या पद्धतींना अनुकूल कौल मिळाला नाही. मासगुतोवा पद्धतीच्या बाजूने जे लिखाण आहे त्यातील बरेचसे तिच्याच वर्तुळातून आलेले आहे. स्वतंत्र आणि काटेकोर परीक्षणाची भक्कम साथ तिला लाभलेली नाही.

मग या शिबिरांतून परतलेले पालक 'फरक पडला' म्हणतात, ते काय खोटे बोलतात? मुळीच नाही. आठवडाभर आई आणि वडील दोघेही सगळी कामे बाजूला ठेवून त्या एका मुलापाशी बसलेले असतात. मुलाला स्पर्श होतो, नजर मिळते, त्याच्या बारीकशा हालचालीलाही दाद मिळते. मूल त्या काळात वाढतही असतेच. फरक पडण्यास एवढी कारणे पुरेशी आहेत. त्यांचे श्रेय दाबबिंदूंना द्यावे की नाही, हा प्रश्न वेगळा. एखाद्या कुटुंबाला परवडत असेल आणि मुलाला त्रास होत नसेल, तर कोणी त्यांना दूषण देऊ नये. परंतु त्यासाठी शेत गहाण पडत असेल, नोकरी सुटत असेल किंवा घरातील दुसऱ्या मुलाचे शिक्षण थांबत असेल, तर 'थांबा' असे सांगणारा वडीलधारा माणूस त्या घराला भेटला पाहिजे. आणि या नावांची मोहिनी आज शहरात आहे ती उद्या तालुक्याच्या गावी येईल, हे निश्चित समजावे.

प्रतिक्षिप्त क्रियांचे ज्ञान निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. त्या क्रिया उत्तम दूत आहेत. सहा महिन्यांचे मूल अजूनही दोन्ही मुठी गच्च आवळून ठेवते, एकच हात वापरते, मान धरत नाही, जीभ सतत बाहेर ढकलते, यातले काही दिसले तर वर्षभर वाट न पाहता तपासणी करावी, हे त्या क्रिया सांगतात. अकाली जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत तर त्याहून पुढची गोष्ट आहे. अतिदक्षता कक्षात, प्रशिक्षित हातांनी ओठ व गालांना दिलेल्या हलक्या उत्तेजनामुळे ही बाळे नळीवरून तोंडाने दूध पिण्याकडे काहीशी लवकर वळतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पुरावा अगदी भक्कम नसला तरी दिशा आशादायक आहे. परंतु ती खिडकी जन्मानंतरच्या आठवड्यांची आहे. पाच वर्षांच्या मुलाला पुन्हा तान्हे करून तोच धडा गिरवता येत नाही.

ज्यांना वरच्या आढाव्यात अनुकूल कौल मिळाला, ते उपचार ऐकायला साधे वाटतात. मुलाला जे प्रत्यक्ष करायचे आहे त्याचाच सराव. घरच्यांनी, घरच्या घरी, रोजच्या कामात, तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली केलेला सराव. सघन उपचार म्हणतात तो हाच, कारण मूल दिवसातून तीन-चार वेळा जेवते. वर्षाचे हजाराहून अधिक प्रसंग होतात. कोणते शिबिर एवढी आवृत्ती करवून घेणार आहे?

म्हणून भरविण्याच्या रीतीविषयी थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. मूल आडवे असताना, मान मागे टाकलेली असताना घास देणे सर्वांत धोक्याचे. त्या स्थितीत श्वासनलिकेचे दार उघडे राहते. आपल्या घरांतून मुलाला मांडीवर आडवे घेऊन, डोके खाली लोंबते ठेवून पेज ओतण्याची सवय सर्रास दिसते. ती मोडली पाहिजे. मूल बसते हवे. पाठ टेकलेली, कंबर आणि गुडघे दुमडलेले, पाय कशावर तरी टेकलेले, मान सरळ आणि हनुवटी किंचित खाली. खुर्ची विकत आणण्याची गरज नाही. आईने भिंतीला टेकून, गुडघे उभे करून बसावे आणि मुलाला आपल्याकडे तोंड करून मांड्यांवर टेकवावे. बांबूच्या मुलखात बुरुडाला किंवा सुताराला नीट माप दिले तर कोपऱ्यात ठेवण्याजोगे बसकण तो करून देऊ शकेल. भरविणाऱ्याने मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे; उभे राहून भरविले की मूल वर पाहते आणि मान मागे जाते.

चमचा लहान आणि उथळ असावा. तो जिभेच्या मध्यावर ठेवून किंचित खाली दाबावा आणि थांबावे. ओठ मिटू द्यावेत. घास वरच्या दातांना किंवा हिरडीला खरवडून सोडण्याची आपली रीत असते. तिने मुलाचे ओठ काम करायला कधीच शिकत नाहीत. जबडा सैल असेल तर हनुवटीखाली बोटाचा हलका आधार द्यावा. गिळले हे दिसल्याखेरीज दुसरा घास नाही. पातळ पाणी ठसका आणते आणि दाटसर पेज किंवा आंबील सहज उतरते, असा अनुभव अनेक मुलांच्या बाबतीत येतो; तरी किती दाट करावे, हे तपासणाऱ्याकडून समजून घ्यावे, आणि तान्ह्या व अकाली जन्मलेल्या बाळाचे दूध कधीही स्वतःच्या मनाने दाट करू नये. जेवण अर्ध्या तासाच्या आत संपवावे. त्यापुढे मूल दमते आणि दमलेले मूल चुकीच्या नळीत गिळते. त्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, तूप-तेल, डाळ, शेंगदाण्याची बारीक पूड, अंडे घालून पौष्टिक केलेले द्यावे. जेवणानंतर वीस-तीस मिनिटे निजवू नये.

जेवताना खोकला, डोळ्यांतून पाणी, ओठ निळसर होणे, जेवणानंतर घशात घरघर, वारंवार छाती भरणे, ही लक्षणे असतील तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. काही मुलांना पोटातून नळी घालूनच अन्न द्यावे लागते. तो आईचा पराभव नव्हे. त्या निर्णयामुळे मूल जगते, वाढते आणि आईच्या हाती दिवसातले काही तास परत येतात.

आता शब्दाकडे वळू. पहिली गोष्ट, ऐकू येते की नाही ते तपासा. हे सांगण्याची गरज भासावी हे दुर्दैव आहे. परंतु 'उशिरा बोलेल, याचे वडीलही उशिरा बोलले' या वाक्याने अनेक कर्णबधिर मुलांची मोलाची वर्षे गेली आहेत. कर्णबधिर मुलांच्या शिक्षणासाठी या भागातील लोकांना वरोऱ्याच्या आनंदवनाचे दार ठाऊक आहे, कै. बाबा आमटे यांनी उभारलेल्या त्या परिसरात मूकबधिर मुलांचे विद्यालय आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून वाचा व श्रवणदोषांची राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. पण तिथवर पोहोचण्यापूर्वी श्रवणचाचणी तरी झालेली असावी.

दुसरी गोष्ट, बोलणे आणि संवाद या दोन वस्तू भिन्न आहेत. ज्या मुलाला शब्द उच्चारता येणार नाही, त्यालाही सांगण्यासारखे पुष्कळ असते. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी शाळा सुरू केली, ती स्वतःच्या कन्येच्या निमित्ताने. त्या कन्या मालिनी छिब यांना मेंदूचा पक्षाघात आहे; त्यांचे बोलणे अपरिचितांना सहज कळत नाही. त्यांनी एका बोटाने टंकलेखन करून उच्च शिक्षण घेतले आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मचरित्रही लिहिले. 'वन लिटल फिंगर' हे त्याचे नाव. तोंडाच्या व्यायामांच्या मागे लागून बोटाकडे दुर्लक्ष झाले असते, तर ते पुस्तक झाले नसते.

घरात याची सुरुवात अगदी लहान गोष्टींपासून होते. घास पुढे करण्याआधी तो मुलाला दाखवावा आणि क्षणभर वाट पाहावी. ते तोंड उघडेल, नजर वळवील, मान फिरवील. यांपैकी जे करील ते त्याचे 'हवे' किंवा 'नको' समजून मानावे. 'नको'ला मान मिळाला तरच 'हवे'ला अर्थ येतो. मग भात आणि अंडे अशा दोन वस्तू समोर धरून निवड करू द्यावी. मग चित्रे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये तयार झालेले 'जेलो' नावाचे चित्राधारित ॲप मराठीतही वापरता येते. भ्रमणध्वनी नसेल तर पुठ्ठ्यावर चिकटविलेली सहा चित्रे तेवढेच काम करतात. खुणा आणि चित्रे दिली की मूल आळशी होईल, बोलणारच नाही, अशी भीती अनेक आजी-आजोबांना वाटते. अभ्यासांचा अनुभव याच्या उलट आहे. संवादाची वाट मोकळी झाली की, ज्यांना बोलणे शक्य असते त्यांच्या बोलण्याला त्यामुळे बाधा येत नाही, काहींना तर मदतच होते.

वनवासी भागात येथे एक निराळी अडचण उभी राहते. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या आतल्या गावांत घरात माडिया किंवा गोंडी बोलली जाते. ती द्राविड कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. तेथील मुलाला आपण चित्रे दाखवून 'पाणी, भात, आई' असे मराठीत म्हणवून घेऊ लागलो आणि ते गप्प राहिले, तर दोष मुलाचा कसा? पाड्यावरच्या मुलाची वाचा मराठीच्या मापाने मोजून त्याला 'मंद' ठरविण्याचा प्रमाद शिकलेल्या माणसांकडून होऊ शकतो. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ मध्ये हेमलकशाला गेले तेव्हा रुग्ण तपासण्याआधी त्यांना माडिया शिकावी लागली. वाचादोषाच्या बाबतीत तर भाषा हेच औषध आहे. ज्याला ती येत नाही त्याने ती येणाऱ्या आजीला शेजारी बसवावे आणि स्वतः कमी बोलावे. अशा मुलाला दोन भाषा झेपणार नाहीत, तर घरची सोडा, असा सल्लाही काही जण देतात. तो निराधार आहे. घरची भाषा तोडली की भरविणाऱ्या आईशीच मुलाचा संवाद तुटतो.

व्यवस्था काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची तपासणी करतात. जन्मजात व्यंगे आणि विकासातील विलंब हे त्यांच्या तपासणीचे विषय आहेत, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. २०१८ पासून तीन महिन्यांपासून पंधराव्या महिन्यापर्यंत आशाताईंच्या पाच गृहभेटी ठरविल्या गेल्या. वरचे अन्न सुरू होण्याचा काळ नेमका यातच येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. त्यांत मेंदूचा पक्षाघात आहे आणि वाचा व भाषा यांचे दिव्यांगत्वही आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण आहे आणि त्यात उपचारसत्रांचाही समावेश आहे. चंद्रपूरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे.

कागदावरची ही साखळी तुटते ती अंतरात. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्कच तुटतो. आठवड्यातून दोनदा थेरपीला या, असे सांगणाऱ्या कागदाचा त्या आईला काय उपयोग? तिला जिल्ह्याला वर्षातून दोन-तीनदा आणता येईल. तेवढ्या भेटींत निदान, श्रवणचाचणी, बसण्याची पद्धत आणि पुढच्या चार महिन्यांचे एक-दोन छोटे उद्दिष्ट एवढे ठरावे. मधले दिवस आशाताई, अंगणवाडीताई किंवा वस्तीवर नियमित जाणारा कार्यकर्ता यांनी सांभाळावेत.

त्या कार्यकर्त्याने काय करावे, तर जेवणाच्या वेळी जावे. इतर वेळी जाऊन विचारले तर आई 'खातो चांगला' एवढेच सांगते. वेळेवर गेले तर दिसते, मूल कसे बसले आहे, मान कुठे आहे, एक वाटी संपायला किती वेळ लागतो, ठसका कितव्या घासाला लागतो, आणि नको असताना ते कसे सांगते. हे वहीत लिहावे, तारखेसह. पुढच्या खेपेस त्याच वेळी पुन्हा जावे आणि मागचे पान उघडून ताडून पाहावे. १९९५ साली ज्या स्त्रियांनी 'आधी नीट चोखत होते' हे ओळखायला शिकून घेतले, त्यांच्याजवळ वजनाचा काटा, तापमापक आणि घड्याळ यांखेरीज फारशी उपकरणे नव्हती. या कामाला तर काटाही रोज लागत नाही. वही लागते, आणि सलग दोन वर्षे त्याच उंबऱ्यावर जाण्याची तयारी.